‘क्षयमुक्त’ दाखल्याच्या दोन गायी आणि माझे 1,85,700 रुपये

बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून सौदा कसा करतो आणि तुंबवलेली कास दाखवून गाय कशी गळ्यात मारतो, हे सर्वांना ठाऊक आहे. मला फसवले ते एका कागदाने.

दुसऱ्या वेताच्या, नुकत्याच व्यालेल्या दोन संकरित होल्स्टीन गायी मी 92,000 आणि 86,500 रुपयांना घेतल्या. दलाली 4,000 आणि टेम्पोचे भाडे 3,200 वेगळे. क्षयाची चाचणी झालेलीच गाय हवी, ही अट मीच घातली होती, तेव्हा निष्काळजीपणाचा ठपका कोणी माझ्यावर ठेवू नये. सही-शिक्क्याचा दाखला मिळाला. मात्र त्यावर टोचल्याची आणि निष्कर्षाची तारीख एकच होती. मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन (क्षयाच्या चाचणीचे द्रव्य) टोचल्यावर 72 तासांनी त्या जागेची जाडी पुन्हा मोजतात आणि ती 4 मि.मी. किंवा अधिक वाढली तर जनावर बाधित धरतात, हे मला चांगले माहीत होते. तारखा डोळ्यांपुढे होत्या, मानेवर केस भादरल्याची खूण नव्हती, आणि तरीही मी नोटा मोजत राहिलो, कारण पाठीशी दुसरे गिऱ्हाईक घाई करत होते. ते दलालाचेच माणूस असणार, यात आता मला शंका नाही.

पुढे एक गाय खोकू लागली, खुराक असूनही खंगत गेली. खासगी पशुवैद्यकांच्या चाचणीत तिची वाढ 9 मि.मी. निघाली, दुसरीची 3, म्हणजे संशयास्पद. ताज्या व्यालेल्या गाईत ही प्रतिक्रिया दबूनही राहते, त्यामुळे फेरतपासणीची अट लेखी घ्या. घरातले दूध उकळल्याशिवाय कोणाला देऊ नका. हा जंतू दुधातून माणसात येतो.

पोलिसांनी हा दिवाणी वाद ठरवला. सरकारी दवाखान्यात ट्युबरक्युलिन शिल्लक नव्हते, आणि वरच्या कार्यालयाने माझा अर्ज पुन्हा त्याच दवाखान्याकडे पाठवला. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवरील 2009 च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत गुरांचा क्षय आहे आणि रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे. मी खबर दिली, तर माझ्याच गोठ्यातून दूध बाहेर जाऊ नये अशी तोंडी ताकीद मिळाली आणि दाखला देणाऱ्याची चौकशी मात्र कोणी केली नाही. लाळ्या-खुरकुत आणि ब्रुसेलोसिस (गाभ गळवणारा रोग) यांसाठी 2019 पासून देशभर लसीकरण चालते. क्षयासाठी मात्र तपासणी, बाधित जनावर बाजूला काढणे आणि मालकाला भरपाई असा राष्ट्रीय कार्यक्रमच नाही, मग खोकणारी गाय पोसायची कोणी?

दलालाने 22,000 रुपयांत ती गाय परत नेण्याची तयारी दाखवली. नव्या दाखल्यासह ती कोणाच्या दावणीला जाईल हे उघड होते, म्हणून मी नकार दिला. ती वेगळ्या छपरात आहे. दाखल्यावरचा बारा अंकी क्रमांक गाईच्या कानातल्या बिल्ल्याशी स्वतः ताडून पाहा, आणि सही करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक राज्य पशुवैद्यक परिषदेकडे विचारल्याशिवाय इसारही देऊ नका. माझ्या दाखल्यावर तो क्रमांक शिक्क्याच्या शाईखाली बुजवलेला आहे.