हेळव्याची वही की तालुक्याचं दप्तर?

आमच्या घरी म्हाळाला एक पान जादा वाढलं जायचं. कुणाचं, ते आजीनं कधी सांगितलं नाही. पणजोबांच्या आई-बापाचं विचारलं की "प्लेगात सगळी गेली, पोरगं तेवढं राहिलं" असं म्हणून विषय मिटायचा. त्या पानापायी मी तीन वर्षं फिरलो. तुम्हीही अशाच एखाद्या पूर्वजाचा बाप शोधायला निघणार असाल, तर माझा अनुभव ऐकून मग ठरवा.

कुणबी नोंदींच्या निमित्तानं आता घरोघरी जुनी रजिस्टरं माहीत झालीत, त्यामुळं गाव नमुना 14 किंवा कोतवाल बुक म्हणजे गावची जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं, यापलीकडं सांगत बसत नाही. पण दाखल्यापुरती नोंद मिळणं वेगळं आणि एका माणसाचा बाप नक्की करणं वेगळं. त्यासाठी आपल्या भागात माझ्या मते दोनच धड वाटा आहेत, हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत राखून गावोगाव सांगत फिरणारा माणूस, आणि दप्तर, म्हणजे सरकारी कचेरीतले जुने कागद.

तिसरी डीएनएची, ती आधी उरकतो. खापरपणजोबा एक असलेल्या दोघांत सरासरी एक टक्काही डीएनए सामाईक नसतो. शिवाय जुळायला समोरच्यानंही तपासणी केलेली पाहिजे, आणि या कंपन्यांकडं नमुने दिलेली बहुतेक माणसं अमेरिका-युरोपातली. आमच्या पन्हाळ्याच्या बाजूचं त्यात कोण सापडणार? पुढं मागं उपयोग होईलही. मी पैसे घातले नाहीत.

हेळव्याचं मात्र मला खरंच कौतुक आहे. आमचा हेळवी सुगी झाल्यावर येतो. त्याचा बाप बैलावर बसून यायचा, हा मोटारसायकलवर येतो, पण वही तशीच लाल फडक्यात. जोत्यावर बसला आणि कन्नड हेल काढत त्यानं आमच्या बारा पिढ्या एका दमात सांगितल्या. मूळ गाव कुठलं, तिथनं का उठलो, कुठली भावकी कुठं गेली, सगळं. थोरल्या चुलतीच्या डोळ्यांत पाणी आलं. खर्च म्हणाल तर दोन पायली जोंधळं आणि एक धोतरजोडी. तीन वर्षांत दप्तरानं दिलं नाही ते या माणसानं अर्ध्या तासात दिलं, हे कबूल करायला पाहिजे. भावकी कुठवर पसरलीय एवढंच हवं असेल तर पुढं वाचायचीही गरज नाही.

माझं गाडं अडलं ते एका साध्या गोष्टीवर. वहीत पणजोबांच्या वर जे नाव होतं, तेच फेरफारातही, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदीतही होतं, म्हणजे चोख. पण त्या माणसाला पोरबाळ नव्हतं असं शेजारच्या वाडीतली एक म्हातारी छातीठोक सांगत होती. मी हेळव्याला विचारलं, "मामा, यात दत्तक कोण कोण?" तो हसला. "मालक, घरात आला तो घरचा. दत्तक म्हणून वेगळं कोण लिहितंय?"

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. ती वही घराण्याची आहे. दिवा कुणी लावला हे त्यात असतं, तो कुठनं आला हे नसतं. लेकीबाळी तर नसतातच. पण आपला प्रश्नच जर "खरा बाप कोण" असा असेल, तर नेमकी तीच जागा वहीत लिंपून टाकलेली असते, आणि इतकी सफाईदार की शंकाही येऊ नये. मला खुपलं ते हेच. त्यानंतर वहीतल्या बाकीच्या अकरा पिढ्यांकडंही मी जरा तिरक्या नजरेनं बघायला लागलो. इतरांच्या हेळव्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.

दप्तराचा त्रास सांगायला लागलो तर दिवस पुरणार नाही. एका तालुक्याच्या अभिलेख कक्षात मी सहा मंगळवार घालवले. पाच वेळा कपाटाची किल्ली दुसऱ्याकडं होती, सहाव्यांदा गठ्ठा मिळाला तो वाळवीनं खाल्लेला. कागद मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ धड नाही, दोन शब्दांत जागा सोडायची रीत नाही. पुराभिलेख खात्याच्या वर्गात बसून अक्षरं शिकलो, तरी नावाशी येऊन अडखळायचोच. त्यात नातवाला आज्याचं नाव ठेवायची आपली पद्धत. राणू बिन संतू, म्हणजे संतूचा मुलगा राणू, मग संतू बिन राणू, परत राणू बिन संतू. कुठला राणू आपला?

यावर एकच उपाय लागू पडला, माणसाऐवजी जमीन धरायची. नाव फिरतं, सर्व्हे नंबर तसा फिरत नाही. गट नंबरावरनं मागं जायला जमीन एकत्रीकरणाचा 9(3), 9(4)चा उतारा (जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ दाखवणारा) काढला आणि त्या तुकड्याचे जेवढे कागद मिळतील तेवढे गोळा केले. त्यात 1911 सालचं एक गहाणखत निघालं. पणजोबांच्या नावाशी लिहिलं होतं "दत्तक", पुढं जनक बापाचं नाव. आणि खाली चतुःसीमेत, पश्चिमेस, त्याच जनक बापाचं शेत. माणूस 1911 साली जिवंत, बांधाला बांध लावून!

म्हणजे प्लेगात सगळी गेली ही गोष्टच खोटी. खरं तर हे मला आधीच सुचायला पाहिजे होतं. 1956च्या हिंदू दत्तक कायद्याआधी पोर दत्तक द्यायचा हक्क जन्मदात्या आई-बापालाच होता. एखाद्या जातीची रूढी सोडली तर अनाथ पोर दत्तक जात नसे. घरात दत्तक झालंय आणि आई-बाप आधीच मेलेत, ही दोन्ही विधानं सहसा एकत्र नांदत नाहीत. मग जन्माचं रजिस्टर काढलं. त्या जनक बापाच्या नावापुढं, जुळत्या साली, "मुलगा" एवढीच नोंद होती, बिननावाची. फेरफार, गहाणखत आणि जन्माचं रजिस्टर, तीन कागद, तिन्हींचे लिहिणारे वेगळे. कोर्टात टिकेल की नाही सांगता येत नाही, माझ्यापुरतं टिकलं.

तेव्हा वेळ कमी असेल, घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल, तर हेळव्याला आधी बोलवा. त्याच्या तोंडून गावांची नावं तरी मिळतात, आणि कुठल्या तालुक्याचं कपाट उघडायचं ते कळतं. पण कुठल्याही पिढीत दत्तक, घरजावई, मामाकडं वाढलेलं पोर अशी कुजबुज असेल, तर मी तरी वहीवर थांबणार नाही. घराला वतन-इनाम असेल तर तुमचं काम माझ्यापेक्षा सोपं आहे. अशा दत्तकाला दरबारची मंजुरी आणि नजराणा लागायचा, त्याचे कागद करवीर संस्थानच्या दप्तरात, पुराभिलेखागारात असायची शक्यता असते. शाळेच्या दाखल्यावर फार विसंबू नका. तिथं निम्मा गाव 1 जूनला जन्मलेला.

आणि जाताना तोंडाला बांधायला रुमाल न्या, धूळ लई असते.