नोकरी सांभाळून तंत्रज्ञान आणि नेतृत्वाचे पदव्युत्तर शिक्षण : नाशिककरांसमोरचे तीन मार्ग

सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या कारखान्यात आठ-दहा वर्षे काढलेल्या अभियंत्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. मशीन हाताखालचे झालेले असते, शिफ्ट चालवता येते, माणसे ओळखीची असतात. परंतु विभागप्रमुखाची जागा रिकामी होते तेव्हा शोध घेतला जातो तो वेगळ्याच माणसाचा. नव्या यंत्रणेत पैसे का घालावेत हे आकड्यांत मांडू शकणारा, आणि तीच यंत्रणा कामगारांच्या माथी न मारता त्यांच्या हाती देऊ शकणारा माणूस व्यवस्थापनाला हवा असतो. शहरातल्या सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड असलेल्यांची अडचणही फारशी निराळी नाही. अशा वेळी पुढे शिकावे असे वाटते, आणि जाहिरातींच्या गर्दीत नेमके काय शिकावे हे कळेनासे होते.

पूर्णवेळ एम.ई. किंवा पूर्णवेळ एमबीए यांचा विचार येथे केलेला नाही. त्यासाठी नोकरी सोडावी लागते, आणि गृहकर्जाचा हप्ता व मुलांची शाळा सांभाळणाऱ्या माणसाला तसा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही. राहतात ते तीन मार्ग. पहिला नोकरदारांसाठीच आखलेल्या तांत्रिक पदव्युत्तर पदवीचा. बिट्स पिलानीची कार्यसंलग्न एम.टेक. आणि आयआयटी कानपूरची ई-मास्टर्स ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. दुसरा एमबीएचा, आणि त्यात मुक्त विद्यापीठाची एमबीए व मोठ्या व्यवस्थापन संस्थांची एक्झिक्युटिव्ह एमबीए असे दोन पोटमार्ग आहेत. तिसरा काही महिन्यांच्या प्रमाणपत्राचा.

कागदावर नेमके काय मिळते

या मुद्द्यावर मी आग्रही आहे, कारण माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी बरेच महिने रविवार खर्च करून मिळवलेला कागद बढतीच्या वेळी पदवी म्हणून धरला गेला नाही. जाहिरातीत 'पदव्युत्तर' हा शब्द ठळक होता. पदवी हा शब्द कोठेच नव्हता, आणि ते त्यांच्या लक्षात आले तेव्हा उशीर झालेला होता.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या समकक्ष मानल्या जातात, आणि आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले आहे. मात्र ही मान्यता संस्थेला सरसकट दिलेली नसते, ती त्या त्या अभ्यासक्रमाला आणि ठरावीक शैक्षणिक वर्षांसाठी असते. म्हणून संस्थेचे नाव मोठे आहे एवढ्यावर न थांबता, आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आपला अभ्यासक्रम आणि आपले प्रवेशाचे वर्ष दोन्ही दिसतात का, हे स्वतः पाहावे. खासगी एड-टेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्यांना फ्रँचायझी देऊन असे अभ्यासक्रम चालवता येणार नाहीत, असा इशारा आयोग आणि तंत्रशिक्षण परिषद यांनी जानेवारी २०२२ मध्ये दिला होता. फोनवर बोलणारा सल्लागार विद्यापीठाचा आहे की कंपनीचा, हा प्रश्न त्यामुळे उद्धट ठरत नाही.

अभियांत्रिकीची गोष्ट आणखी काटेकोर आहे. नोव्हेंबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अभिमत विद्यापीठांच्या पत्रद्वारा अभियांत्रिकी पदव्यांना मोठा चाप लावला, आणि २०२० च्या नियमावलीतही अभियांत्रिकीला दूरशिक्षणातून वगळलेले आहे. बिट्सची एम.टेक. दूरशिक्षण म्हणून नव्हे, तर नोकरी हाच शिक्षणाचा भाग मानणारी पदवी म्हणून दिली जाते, आणि विद्यार्थी नोकरीत असणे ही तेथे मूलभूत अट असते. कानपूरची ई-मास्टर्स आयआयटीची स्वतःची पदवी आहे, तिला गेट ही एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा लागत नाही. पण तिला एम.टेक. म्हणता येत नाही. ओझरच्या एचएएलमध्ये, नाशिकरोडच्या मुद्रणालयांत, एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात किंवा महापालिकेत असणाऱ्यांनी प्रवेशापूर्वीच कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि ही पदवी सेवा नोंदीत धरली जाईल का, हे लेखी विचारावे. तोंडी होकार साहेब बदलले की उरत नाही.

आयआयएमच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला, त्यापूर्वी त्या पदविका देत असत. तरीही त्यांचे अनेक कार्यकारी अभ्यासक्रम आजही प्रमाणपत्राचेच आहेत, तेव्हा शेवटच्या कागदावर 'एमबीए' ही अक्षरे असतील का, हे आधी पाहावे.

वेळेचा हिशेब

जाहिरातीत वर्गाचे तास सांगतात, वाचनाचे सांगत नाहीत. माझ्या अंदाजाने कोणतीही गंभीर पदवी आठवड्याला १२ ते १५ तास घेते, आणि हे तास दोन वर्षे सातत्याने द्यावे लागतात.

कार्यसंलग्न एम.टेक. साधारण चार सत्रांची असते. थेट वर्ग बहुधा शनिवार-रविवारी ऑनलाइन होतात, परीक्षांचे वेळापत्रक ठरलेले असते. जनरल शिफ्टच्या माणसाला हे जमते. फिरत्या शिफ्टमध्ये असणाऱ्याला, विशेषतः ज्याची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते त्याला, ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांवर अवलंबून राहावे लागते, आणि शंका विचारण्याची संधी तेथेच निसटते. कानपूरची ई-मास्टर्स एक ते तीन वर्षांत आपल्या गतीने पूर्ण करता येते. घरात लहान मूल किंवा आजारी आईवडील असतील तर ही लवचीकता मोठ्या मोलाची ठरते.

मुक्त विद्यापीठाचा मार्ग या बाबतीत सर्वांत सोशीक आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ साली झाली आणि त्याचे मुख्यालय आपल्याच गंगापूर धरणाच्या रस्त्यावर, गोवर्धन शिवारात आहे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे बोधवाक्य नोकरदारांना लागू पडते. इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, एमबीए कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ४ वर्षांत पूर्ण करता येते. सेकंड शिफ्ट, ओव्हरटाइम, गावाकडची शेती या सगळ्यांतून मार्ग काढणाऱ्याला चार वर्षांची मुभा ही पदवी पूर्ण होणे आणि अर्धवट सुटणे यांतला फरक ठरू शकते. उणीव अशी की तुम्हाला कोणी मागे लागून अभ्यास करायला लावत नाही. गृहपाठ शेवटच्या आठवड्यात उरकणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि त्यांच्या हाती पदवी पडली तरी ज्ञान पडत नाही.

एक्झिक्युटिव्ह एमबीएत जेथे प्रत्यक्ष उपस्थिती लागते, तेथे नाशिकचा भूगोल आडवा येतो. मुंबई सुमारे १७० किलोमीटरवर आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्याने कसाऱ्याचा घाट टळतो, परंतु भिवंडी-ठाण्याची कोंडी टळत नाही. पवईची जुनी नीटी, जी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली, उत्पादन आणि पुरवठा साखळीच्या अभ्यासासाठी आपल्या औद्योगिक पट्ट्याला अगदी जवळची आहे. तिच्यासारख्या संस्थेचा उपस्थितीचा अभ्यासक्रम घ्यायचा असेल तर महिन्याचे किती शनिवार-रविवार प्रवासात जातील हे कॅलेंडर पुढे घेऊन मोजावे. पुण्याला जाणाऱ्यांना तर संगमनेर, नारायणगाव, चाकण ही नावे नुसती सांगितली तरी पुरे.

आणखी एक स्थानिक बाब. दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातील पॅकहाऊस किंवा शीतगृहात काम करणाऱ्यांना जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षांचा हंगाम अभ्यासाला मोकळा मिळत नाही, म्हणून त्यांनी जानेवारीऐवजी जुलैचे सत्र धरावे. महापालिकेच्या किंवा सिंहस्थाशी संबंधित कामांत असलेल्यांनी २०२७ च्या पर्वकाळात परीक्षा येणार नाही, एवढे तरी पाहावे.

खर्च

शुल्क दरवर्षी बदलते, म्हणून केवळ क्रम सांगणे योग्य. मुक्त विद्यापीठाची एमबीए सर्वांत स्वस्त, कार्यसंलग्न एम.टेक. तिच्या कित्येक पट, आयआयटीची ई-मास्टर्स त्याहून वर, आणि नामांकित एक्झिक्युटिव्ह एमबीए बहुधा सर्वांत महाग. प्रमाणपत्राच्या शुल्कावर सहसा १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, हे जाहिरातीत बारीक अक्षरांत असते. शैक्षणिक कर्ज काढल्यास आयकर कायद्याच्या कलम ८०ई खाली व्याजाची वजावट ८ वर्षांपर्यंत मिळत आली आहे, पण ती जुन्या करप्रणालीतच. कंपनी शुल्क देत असेल तर त्या बदल्यात किती वर्षांचा बाँड आहे हे वाचावे. बाँड हा खर्चच आहे, तो पैशांत दिसत नाही इतकेच.

नेतृत्व कोठे शिकवले जाते

माझ्या मते निर्णय खऱ्या अर्थाने येथे ठरतो, आणि नेमका हाच प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो.

बिट्सच्या एम.टेक.मध्ये शेवटचे सत्र प्रबंधाचे असते आणि त्याचा विषय आपल्या कामाच्या ठिकाणचा घेता येतो. समजा, अंबडच्या एका मोल्डिंग विभागात रिजेक्शन वाढलेले आहे. मशीनवर तापमान आणि दाबाचे सेन्सर बसवून माहिती गोळा करायची, कोणत्या बदलामुळे दोष येतो ते शोधायचे आणि उपाय सुचवायचा, एवढे तंत्रज्ञान झाले. परंतु पंचवीस वर्षे केवळ आवाजावरून मशीनची तब्येत ओळखणाऱ्या ऑपरेटरला त्या पडद्यावरील आलेखाकडे बघायला लावायचे, सेन्सर म्हणजे आपल्यावरची पाळत नव्हे हे युनियनच्या प्रतिनिधीला पटवायचे, आणि घातलेला पैसा किती महिन्यांत वसूल होईल हे फायनान्सच्या माणसाला त्याच्या भाषेत सांगायचे, हे नेतृत्व झाले. ते व्याख्यानातून येत नाही. ज्या अभ्यासक्रमात असे काम करावे लागते, त्याची मार्गदर्शकाकडून छाननी होते आणि त्यावर गुण मिळतात, तो अभ्यासक्रम नेतृत्व शिकवतो. मग त्याच्या नावात हा शब्द असो वा नसो.

ई-मास्टर्सचा भर विषयवार मॉड्यूलवर आहे. डेटा सायन्स, सायबर सुरक्षा किंवा कम्युनिकेशन सिस्टिम्समध्ये ज्याला खोल जायचे आहे, त्याला तेथे उत्तम शिक्षक मिळतात, पण स्वतःच्या कारखान्यातील माणसांशी झुंजण्याचा भाग त्याने स्वतः जोडून घ्यावा लागतो.

एमबीएची ताकद वेगळी आहे. ताळेबंद वाचणे, किंमत ठरवणे, करार, मनुष्यबळ, बाजार यांची ओळख अभियंत्याला सहसा नसते, आणि ती नसल्यामुळे चांगले तांत्रिक प्रस्ताव बैठकीत मार खातात. एक्झिक्युटिव्ह वर्गात तर शेजारच्या बाकावर बँकेतला, औषध कंपनीतला, लष्करातून आलेला माणूस असतो, आणि एकच प्रसंग चार व्यवसायांतून पाहिला जातो. ही संगत मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर तितकी घडत नाही. त्या विद्यार्थ्याने ती शहरातल्या उद्योजक संघटनांच्या कार्यक्रमांतून आणि कंपनीतल्या इतर विभागांच्या बैठकांत बसून भरून काढावी. ते शक्य आहे, मात्र आपोआप होत नाही.

प्रमाणपत्राने एखादे कौशल्य मिळते. वरिष्ठ पदावर पोहोचलेल्या आणि पदवीची गरज न उरलेल्या पन्नाशीच्या अधिकाऱ्याला चार महिन्यांचा नेमका अभ्यासक्रम पुरेसा आहे. तिशीतल्या माणसाने मात्र पदवीच्या जागी प्रमाणपत्र घेऊ नये.

कोणी काय घ्यावे

बी.ई. करून पाच ते दहा वर्षे झालेली, उत्पादन किंवा मेंटेनन्समध्ये असलेली आणि त्याच क्षेत्रात वर जाऊ इच्छिणारी व्यक्ती असेल, तर मी कार्यसंलग्न एम.टेक.च सुचवेन, अट एकच की कंपनी प्रबंधासाठी खरा प्रश्न आणि खरी आकडेवारी द्यायला तयार असावी. ती तयार नसेल तर या पदवीचा अर्धा प्राण जातो, आणि मग ई-मास्टर्स बरी.

डिप्लोमा करून नोकरीला लागलेल्या आणि नंतर बी.कॉम. किंवा बी.ए. पूर्ण केलेल्या सुपरवायझरला एम.टेक. खुली नाही, पण मुक्त विद्यापीठाची एमबीए आहे. अशा माणसांना कमी लेखण्याची आपल्याकडे जी सवय आहे ती मला मनापासून खुपते, कारण शॉप फ्लोअरवर माणसे कशी चालतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. चार वर्षे लागली तरी चालतील, त्यांनी ती पदवी घ्यावी आणि प्रकल्प स्वतःच्या विभागावरच करावा.

तांत्रिक काम सोडून व्यवसायाच्या बाजूला जायचे असेल, प्लँट हेडच्या किंवा स्वतःच्या उद्योगाच्या दिशेने पाहायचे असेल, आणि शुल्काचा मोठा वाटा कंपनी उचलत असेल, तर एक्झिक्युटिव्ह एमबीएचा खर्च समर्थनीय आहे. सर्व पैसे स्वतःचे असतील तर मी दोनदा विचार करायला सांगेन.

अजूनही मन ठरत नसेल तर लाखो रुपये भरण्याआधी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा १२ आठवड्यांचा एखादा अभ्यासक्रम घ्यावा. जानेवारी आणि जुलै अशी त्याची सत्रे असतात, नोंदणी विनामूल्य असते, केवळ परीक्षेला माफक शुल्क लागते. दर आठवड्याची असाइनमेंट वेळेत द्यावी लागते, त्यांना २५ टक्के आणि केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के वजन असते. आठव्या-नवव्या आठवड्यात, शिफ्ट बदललेली असताना आणि घरात पाहुणे असताना, त्या असाइनमेंटचे काय होते ते वहीत लिहून ठेवावे, आणि प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी ते पान घरच्यांसोबत बसून वाचावे.