सांता फे: ओसरी सांभाळणारी राजधानी

सदाशिव पेठेतल्या ज्या वाड्यात मी लहानाचा मोठा झालो, तो पाडला जाताना मी पाहिला आहे. त्यामुळे जुन्या शहरांकडे मी हळव्या नजरेने पाहतो, हे आधीच सांगितलेले बरे. पुण्यातील एका सहल कंपनीबरोबर न्यू मेक्सिको राज्याची राजधानी सांता फे पाहिली, त्याविषयीचा हा अभिप्राय.

स्पॅनिश लोकांनी १६१० च्या सुमारास वसवलेली ही अमेरिकेतील सर्वांत जुनी राज्य-राजधानी. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला, त्याच्या १२० वर्षे आधीची. मुख्य चौकाच्या उत्तरेला असलेला ‘गव्हर्नरांचा राजवाडा’ ही प्रत्यक्षात माती आणि पेंढ्याच्या, उन्हात वाळवलेल्या विटांची बैठी वास्तू आहे. १६८० मध्ये स्थानिक प्वेब्लो लोकांनी उठाव करून स्पॅनिशांना हुसकावले आणि पुढची बारा वर्षे शहर आपल्या ताब्यात ठेवले. त्यानंतर पुन्हा स्पेन, मग मेक्सिको आणि १८४६ पासून अमेरिका, असे धनी बदलत गेले तरी कारभार बराच काळ याच वास्तूतून चालला.

मला सर्वाधिक भावली ती तिची ओसरी. तिचे आजचे रूप १९०९ ते १९१३ मधील दुरुस्तीचे आहे, पण वापर जिवंत आहे. मूळ रहिवासी जमातींचे कारागीर तिथे भिंतीला टेकून चांदीचे दागिने आणि मातीची भांडी विकतात. वस्तू स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हातची असावी, असा नियम असल्याने घेणाऱ्याला समाधान वाटते. जुन्या भागातील नव्या बांधकामांनाही १९५७ च्या नियमाने पारंपरिक शैलीचे बंधन घातले आहे. काही इमारतींवर केवळ मातकट गिलावाच आहे, हे खरे. तरीही गल्लीचा चेहरा टिकला आहे, आणि आपल्या पेठांसाठी असा नियम वेळेवर का झाला नाही, हा प्रश्न मला तिथे सतत छळत राहिला.

जेवणात लाल की हिरवी मिरची, असे विचारतात. दोन्ही हव्या असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणावे. शाकाहारी मंडळींनी घेवड्याच्या उसळीत किंवा मिरचीच्या रश्श्यात चरबी अथवा मांस नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

तक्रार सहलीच्या आखणीबद्दल आहे. एवढ्या शहराला दीड तास दिला आणि १९६६ मध्ये बांधलेले, अमेरिकेतील एकमेव गोलाकार राज्य विधानभवन बसमधूनच दाखवले. शहर सुमारे सात हजार फूट उंचीवर असल्याने ज्येष्ठांना पहिल्या दिवशी धाप लागते, म्हणूनही इथे निदान एक मुक्काम हवा. तो सांता फेमध्येच आहे की दुसऱ्या गावी, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. आम्ही ते विचारले नव्हते.