तयार ‘मनोरंजन न्यूज पोर्टल’ पॅकेज: काय मिळतं, कुठे अडतं

सातारा-सांगलीत वेबसाइट करून देणारे काही जण ‘तयार न्यूज पोर्टल’ अशा नावाने एक पॅकेज विकतात. डोमेन (साइटचा पत्ता), वर्षभराचं होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर बसवलेली वर्तमानपत्रासारखी थीम (पानांची मांडणी), लोगो, माईकला लावायचा बूम आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र एवढा त्याचा ऐवज. मालिका, मराठी सिनेमा, नाटक यांच्या बातम्या देणारं पोर्टल काढायचं म्हणून हे घेणाऱ्यांसाठी हा आढावा.

आधी निकाल सांगतो. वस्तू वाईट नाही. दोन दिवसांत साइट उभी राहते आणि मोबाइलवर नीट दिसते. पण अशी पोर्टलं झपाट्याने वर जातात आणि वर्ष-दोन वर्षांत बसतात. त्याची बरीचशी कारणं पहिल्या दिवशीच पॅकेजमध्ये असतात आणि विकणारा ती सांगत नाही. म्हणून घेतानाच काय तपासायचं ते इथे सविस्तर लिहितो आहोत.

सगळ्यात आधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते पाहा. पुष्कळदा ते विकणाऱ्याच्या खात्यात, त्याच्याच ईमेलवर घेतलेलं असतं. वर्षाने नूतनीकरणाची वेळ आली की तो सांगेल तो आकडा मोजावा लागतो. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या, खात्याचं लॉगिन पहिल्या दिवशीच स्वतःच्या ईमेलवर घ्या. डॉट कॉम डोमेन नव्याने घेतल्यावर ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, त्यामुळे ‘नंतर तुमच्या नावावर करून देतो’ हे बोलणं तोंडी ठेवू नका, बिलावर लिहून घ्या.

दुसरं, थीम. बाजारात मिळणारी महागडी न्यूज थीम पॅकेजमध्ये ‘फ्री’ असेल, तर ती बहुधा नल्ड, म्हणजे लायसन्स तोडलेली प्रत असते. तिला अपडेट मिळत नाहीत आणि कित्येकदा आत कोणीतरी दार उघडं ठेवलेलं असतं. सहा महिन्यांनी तुमच्या साइटच्या नावाखाली गुगलमध्ये रमी आणि सट्ट्याची पानं दिसू लागली, तर कारण हेच समजा. लायसन्सची पावती मागा. ती नसेल तर वर्डप्रेसची साधी फुकट थीम घ्या, ती शंभर पटीने सुरक्षित.

ओळखपत्राबद्दल स्पष्ट सांगायला हवं. पोर्टलने छापलेलं कार्ड म्हणजे शासनाची अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून अधिकृत मान्यता, नव्हे. ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून मिळते. वेबसाइटला आरएनआयचा, म्हणजे वृत्तपत्र नोंदणी कार्यालयाचा (२०२४ पासून त्याचं नाव प्रेस रजिस्ट्रार जनरल) नंबरही मिळत नाही, तो छापील नियतकालिकांसाठी असतो. बातम्यांच्या साइटला २०२१ चे आयटी नियम लागू होतात: तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा, तक्रार आल्यावर २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय. पॅकेजमधल्या ‘आमच्याविषयी’ पानावर हे जवळपास कधीच नसतं. एक परिच्छेद लिहून टाकायचा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आता रोजच्या वापराकडे. पहिली अडचण टायपिंगची. आपल्याकडे डीटीपी करणारे अनेक जण अजून श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप करतात. तो मजकूर तसाच वर्डप्रेसमध्ये चिकटवला की अगम्य खुणा दिसतात. कन्व्हर्टरमधून काढला तर ‘दुसऱ्या’मधला ऱ्य आणि ‘ॲक्टर’मधला ॲ हमखास बिघडतो. ॲ दोन प्रकारे टाइप होतो, एकच अक्षर म्हणून किंवा अ वर वेगळा चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण साइटच्या आतल्या शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. टॅग लावताना एकच पद्धत ठरवून घ्या.

दुसरी गोष्ट बारीक आहे, पण तिच्यामुळे साइटची रया जाते. मथळा मराठीत दिला की वर्डप्रेस पानाचा पत्ताही मराठीतच बनवतं. साठवताना देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा आणि हलन्त नऊ-नऊ रोमन खुणांत बदलतात, आणि पत्त्याला मर्यादा २०० खुणांची. म्हणजे जेमतेम बावीस अक्षरं-मात्रा मावतात. ‘भावे नाट्यमंदिरात रंगभूमी दिन’ असा मथळा दिला तर पत्ता ‘भावे-नाट्यमंदिरात-रंगभूम’ इथे तुटतो. व्हॉट्सॲपवर ती लिंक पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि लोक ती फसवणुकीची समजून उघडत नाहीत. उपाय सोपा: प्रकाशित करण्याआधी पर्मालिंकच्या (पानाच्या पत्त्याच्या) चौकटीत रोमन लिपीत चार-पाच शब्द स्वतः लिहा. नंतर बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्याकडे बहुधा आपोआप वळवतं. तरी जुनी लिंक एकदा उघडून खात्री करा.

फोटोंचंही तसंच. मोबाइलवरचा चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रुंदी १२०० पिक्सेल, वेबपी स्वरूप आणि वजन दीडशे केबीच्या आत. १२०० यासाठी, की गुगल डिस्कव्हरमध्ये मोठं चित्र दिसायला किमान तेवढी रुंदी लागते.

डिस्कव्हर म्हणजे मोबाइलमध्ये गुगल उघडलं की खाली दिसणारी बातम्यांची रांग. मनोरंजन पोर्टलचा सगळा चढ आणि सगळी घसरण इथेच घडते. एखाद्या मालिकेतल्या कलाकाराच्या लग्नाची किंवा मालिका बंद होण्याची बातमी तिथे चढते आणि रोज दोन-तीनशे वाचक येणाऱ्या साइटवर एका संध्याकाळी हजारो लोक येतात. पॅकेजमधलं शेअर्ड, म्हणजे अनेक साइटना एकाच सर्व्हरवर ठेवणारं, होस्टिंग नेमकं तेव्हाच गुडघे टेकतं. पडद्यावर ‘५०८’ हा आकडा असलेला एरर येतो, म्हणजे तुमच्या वाट्याची सर्व्हरची क्षमता संपली. ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असतं ते जागेला आणि डेटाला, या वाट्याला नव्हे. पेज कॅशचं (तयार पान साठवून ठेवणारं) प्लगिन आणि साइटच्या पुढे राहून भार उचलणारी क्लाउडफ्लेअरची फुकट सेवा लावली तर तेच होस्टिंग बराच भार सोसतं. हे गर्दी व्हायच्या आधी करून ठेवावं. एरर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही, कारण डिस्कव्हरमधली बातमी दोन-तीन दिवसांत उतरते.

गुगलमधून किती वाचक आले ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये त्या दिवसांचा आलेख पाहिला की सपाट रेघेवर एक सुळका दिसतो. तो पाहून पोर्टल चालवणारा खूश होतो आणि इथेच चुकतो. पुढच्या आठवड्यात तसल्याच दहा बातम्या रोज टाकायच्या ठरतात. मुंबईच्या साइटवरून उचलायचं, वाक्यं फिरवायची, ‘या अभिनेत्रीने केला धक्कादायक खुलासा’ असा मथळा द्यायचा आणि कलाकाराच्या इन्स्टाग्रामवरचा फोटो लावायचा. त्यात एआयची भर पडली की दहाच्या तीस होतात. मार्च २०२४ मध्ये गुगलने असा घाऊक मजकूर स्पॅमच्या धोरणात आणला. अशा साइटचा आलेख नंतर हळूहळू उतरत नाही, एका आठवड्यात जमिनीला टेकतो. फेसबुकनेही हेच शिकवलं होतं. २०१८ च्या जानेवारीत त्यांनी न्यूज फीडमध्ये घरच्या-मित्रांच्या पोस्टना वरचं स्थान दिलं, आणि ज्यांचा सगळा वाचक फेसबुक पेजवरून यायचा त्यांचं कंबरडं मोडलं. झटपट उघडणारे इन्स्टंट आर्टिकल्सही त्यांनी एप्रिल २०२३ मध्ये बंद केले. वाचक ज्या रस्त्याने येतो तो रस्ता तुमच्या मालकीचा नाही, हे पॅकेज विकणाऱ्याने पहिल्या भेटीत सांगायला हवं.

उत्पन्नाचा हिशेबही कागदावर मांडून बघावा. गुगलची जाहिरात सेवा ॲडसेन्स २०१८ पासून मराठीला चालते. १० डॉलर जमले की पत्त्याची खात्री करण्यासाठी पिन साध्या टपालाने येतो, दोन ते चार आठवड्यांत. गावचा पत्ता असेल तर मु. पो., तालुका, पिनकोड नीट लिहा आणि पोस्टमनला सांगून ठेवा, कारण चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. पैसे हातात यायला १०० डॉलरचा उंबरा ओलांडावा लागतो. समजा, हजार पानांमागे अर्धा डॉलर धरला, तर त्यासाठी दोन लाख पानं उघडली गेली पाहिजेत. आणि मित्रमंडळींच्या ग्रुपवर ‘बातमी उघडा, जाहिरातीवर क्लिक करा’ असा मेसेज कृपा करून टाकू नका. खोटे क्लिक पकडले जातात, खातं बंद होतं आणि जमलेली रक्कमही जाते. चालती पोर्टलं एका रात्रीत थांबायचं हे मोठं कारण आहे.

कायद्याच्या दोन बाजू. पहिली, फोटो आणि क्लिप. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले की चॅनेल जातं. समीक्षेसाठी थोडा भाग वापरायची सवलत कॉपीराइट कायद्यात आहे, पण मालिकेचा अख्खा प्रसंग चढवून खाली दोन ओळी लिहिणं म्हणजे समीक्षा नव्हे. वाहिनीच्या प्रसिद्धी विभागाला ईमेल करून प्रेस किट मागितलं तर फोटो रीतसर मिळू शकतात. दुसरी, अफवा. कलाकाराच्या घटस्फोटाची किंवा निधनाची खोटी बातमी बदनामीच्या कलमात जाऊ शकते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. ‘चर्चा आहे’, ‘सूत्रांनुसार’ असं लिहिल्याने सुटका होत नाही.

मग हे पॅकेज घ्यावं का? मुंबईच्या बातम्या फिरवून लिहायच्या असतील तर घेऊ नका. ज्या बातम्या मुंबईची साइट देऊच शकत नाही त्या द्यायच्या असतील, तर जरूर घ्या. या दोन जिल्ह्यांत असा माल भरपूर आहे आणि तो नीट कोणी मांडत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनी भावे गौरव पदक दिलं जातं, तेव्हा महाराष्ट्राचं लक्ष सांगलीकडे असतं. पण एरवी भावे नाट्यमंदिरात किंवा साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात या शनिवारी कोणतं नाटक आहे, तिकीट किती, बाल्कनीतून आवाज कसा येतो, हे सांगणारी एक जागा हवी. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीत एका तानपुऱ्याचा भोपळा कसा निवडतात, जवारी (घोडी घासून तारेला आणलेला नाद) कशी काढतात, हे लिहिलं तर ते दहा वर्षांनीही वाचलं जाईल. वाई-मेणवलीच्या घाटावर चित्रीकरण असलं की आसपासच्या गावांतून ज्युनियर आर्टिस्ट, बैलगाड्या, जेवणाचे डबे लागतात. कोणाला बोलावलं आणि पैसे वेळेवर मिळाले का, ही खरी मनोरंजन क्षेत्राची बातमी आहे. यात्रांच्या दिवसांत तमाशाचे फड कुठल्या गावी आहेत, हीसुद्धा. कवलापूरच्या काळू-बाळू या तमाशा कलावंतांच्या जिल्ह्यात या बातमीला वाचक मिळणार नाही असं होणारच नाही.

असा मजकूर डिस्कव्हरवर क्वचितच उसळतो. त्याचा वाचक व्हॉट्सॲप चॅनेलवर, ईमेलवर आणि थेट पत्ता टाइप करून येतो. जाहिरातही थेट मिळते. पेढ्यांचं दुकान, साड्यांचं दालन, क्लासेस यांना ३०० बाय २५० पिक्सेलची चौकट तीन महिन्यांच्या बोलीवर द्या, पावती करा आणि किती लोकांनी ती पाहिली याचा आकडा महिन्याला स्वतःहून पाठवा. आकडा पाठवणारा क्वचितच भेटतो, म्हणून तोच दुकानदाराच्या लक्षात राहतो.

आणि साइट बंद करायचीच वेळ आली तर घाईने सोडून देऊ नका. डेटाबेस आणि अपलोड फोल्डर दोन्हींचा बॅकअप घ्या. वर्डप्रेसच्या एक्सपोर्टमध्ये फोटो येत नाहीत, हे लक्षात ठेवा. नाटकांच्या नोंदी, कलाकारांच्या मुलाखती अशी महत्त्वाची पानं इंटरनेट आर्काइव्हमध्ये जतन करा. डोमेन मात्र लगेच सोडू नका. सोडलेली डोमेन जुगाराच्या साइटवाले टपून उचलतात आणि तुमच्या जुन्या लिंकवर आपली पानं चढवतात. नाट्यसंस्था, शाळा, ग्रंथालय यांनी तुमच्या पानाची लिंक दिली असेल तर त्यांना फोन करून ती काढायला सांगा, आणि ते होईपर्यंत निदान दोन वर्षं डोमेनचे पैसे भरत राहा.