सीटचा बोल्ट वारंवार तुटतोय? आधी तुटका तुकडा परत मागा

सायकलच्या सीटचा बोल्ट एकदा तुटला तर माणूस नशिबाला बोल लावून गप्प बसतो. दुसऱ्यांदा तुटला की दुकानात ऐकायला मिळतं, "आधीचा हलका होता, आता भारीतला टाकतो." तिसऱ्यांदा सायकल चालवणाऱ्याच्या वजनावर खापर फुटतं. चौथ्यांदा अख्खा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, बदलायचा सल्ला मिळतो. या चारही वेळा तुटलेला तुकडा भंगाराच्या डब्यात जातो आणि ग्राहक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. बोल्ट का तुटला हे त्या तुकड्यावर लिहिलेलं असतं. तो गेला की कारण शोधायची गरजच उरत नाही, आणि तोच बोल्ट पुन्हा पुन्हा विकता येतो.

"सीटचा बोल्ट" या एका नावाखाली दोन वेगळे बोल्ट येतात, तेव्हा आधी कोणता ते पाहा. वरचा सीटपोस्टच्या डोक्यावर असतो. सीटखालच्या दोन सळ्या तो वरखालच्या पट्ट्यांमध्ये आवळून धरतो. एकच बोल्ट असेल तर बहुधा एम-8, म्हणजे 8 मिलिमीटर व्यासाचा, दोन असतील तर एम-6 किंवा एम-5. खालचा बोल्ट फ्रेमच्या नळीवरच्या कॉलरचा, एम-5 किंवा एम-6. सीटपोस्ट घसरू न देणं एवढंच त्याचं काम. वरचा बहुतेक वेळा हेलकाव्यांनी थकून तुटतो, खालचा चुकीच्या मापामुळे. दोघांची दुखणी वेगळी, पण दुकानातलं औषध एकच: आणखी कडक बोल्ट.

आधी या "कडक" बोल्टची गोष्ट. पोलादी बोल्टच्या डोक्यावरचा आकडा म्हणजे त्याची ग्रेड. 8.8 मधला पहिला आठ सांगतो की बोल्ट तुटायला दर चौरस मिलिमीटरला साधारण 800 न्यूटन ताण लागतो. दुसरा आठ सांगतो की त्याच्या 80 टक्क्यांवर, म्हणजे 640 वर, तो कायमचा लांबू लागतो. 12.9 साठी हेच आकडे 1200 आणि 1080. आयएसओ 898-1 या मानकाप्रमाणे एम-5 पासून पुढच्या षटकोनी आणि अ‍ॅलन (डोक्यात षटकोनी खळगा असलेल्या) बोल्टच्या डोक्यावर ग्रेडसोबत कारखान्याची खूणही हवी. बनावट मालात गोम इथेच सापडते: 12.9 ठसठशीत, पण कारखान्याची खूण कुठेच नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर तो साधा मऊ पोलादाचा समजून चाला. काही सीटपोस्टचे बोल्ट गोल डोक्याचे, खास त्याच भागासाठी घडवलेले असतात आणि त्यांच्यावर खूण नसते. पण असे बोल्ट त्या सीटपोस्टच्या सुट्या भागांच्या पाकिटात येतात, खिळ्यामोळ्यांच्या डब्यातून निघत नाहीत. खोट्या ग्रेडचा हा धंदा सायकलपुरता नाही. अमेरिकेत तो इतका बोकाळला की 1990 मध्ये त्यासाठी फास्टनर क्वालिटी अ‍ॅक्ट हा वेगळा कायदा करावा लागला.

दुसरी हातचलाखी स्टेनलेसची. "हा गंजत नाही, म्हणजे जास्त मजबूत" हे वाक्य निम्मंच खरं आहे. नेहमीचा ए2-70 स्टेनलेस बोल्ट 700 ला तुटतो आणि 450 लाच लांबू लागतो. म्हणजे 8.8 काढून स्टेनलेस टाकला तर बोल्ट चकचकीत झाला, पण पूर्वीपेक्षा लेचापेचाही झाला. शिवाय स्टेनलेसच्या नटात स्टेनलेस बोल्ट कोरडा आवळला तर आटे एकमेकांना चिकटतात. पाना जड लागतो, बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात पट्ट्या सैलच असतात. ओळखायला चुंबक पुरतो: ए-2 ला तो जेमतेम ओढ देतो. "स्टेनलेस" म्हणून दिलेला बोल्ट चुंबकाला टपकन चिकटला तर तो ए-2 नाही.

रंगीबेरंगी "टायटॅनियम" बोल्टांसाठी तराजू घ्या. त्याच मापाच्या पोलादी बोल्टच्या साधारण 56 टक्के वजन भरायला हवं. पोलादाइतकंच भरलं तर रंगवलेलं पोलाद आहे. जेमतेम एक तृतीयांशाच्या आसपास भरलं तर अ‍ॅल्युमिनियम, आणि अ‍ॅल्युमिनियमचा बोल्ट सीटखाली कधीही लावू नये.

सगळ्यात फसवा मात्र जस्ताचा मुलामा दिलेला खरा 12.9. ग्रेड खरी, खूण खरी, तरीही घात होतो. मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो. एवढ्या कडक पोलादाला तो ठिसूळ करतो आणि आवळून ठेवलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी, सायकल भिंतीला टेकून उभी असतानाही, डोक्याखाली तुटतो. यावर उपाय म्हणून मुलाम्यानंतर लगेच बोल्ट सुमारे 200 अंशांवर काही तास भाजावे लागतात. स्वस्त मालात हीच पायरी गाळली जाते. 12.9 घ्यायचाच असेल तर काळा, तेलकट फिनिशचा घ्या. पण तो घ्यायची गरजच सहसा नसते.

का नसते ते थोडं हिशेबाने पाहू. सीटवर 60 किलो भार आहे आणि तो क्लॅम्पच्या, म्हणजे सळ्या धरणाऱ्या पट्ट्यांच्या, मध्यापासून 5 सेंटिमीटर मागे पडतो असं धरा. क्लॅम्पवर सुमारे 30 न्यूटन-मीटरचा पीळ येतो. पुढचा आणि मागचा बोल्ट 4 सेंटिमीटर अंतरावर असतील तर एका बोल्टवर जास्तीचा ओढा पडतो सुमारे 750 न्यूटन. खड्ड्यात तिप्पट धरला तरी सव्वादोन हजार. नीट आवळलेल्या 8.8 च्या एम-6 बोल्टमध्ये मुळातच साडेआठ हजार न्यूटनच्या आसपास ताण भरून ठेवता येतो. तेवढा ताण असेल तर पट्ट्या आणि सळ्या एकमेकांवर दाबलेल्याच राहतात आणि खड्ड्याचा बहुतेक भार त्याच झेलतात. बोल्टला त्याचा लहानसा हिस्सा कळतो. ताण नसेल तर प्रत्येक खड्डा पूर्णपणे बोल्टवर येतो, हजारो वेळा.

असं वारंवार वरखाली होणाऱ्या भाराने बोल्ट थकतो. आणि दुकानदार जे सांगत नाही (बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं) ते हे: एम-8 बोल्टची थकव्याची मर्यादा दर चौरस मिलिमीटरला अधिक-उणे 50 न्यूटनच्या आसपास असते, आणि ती 8.8 ला असते तेवढीच जवळपास 12.9 ला. सैल क्लॅम्पमध्ये 8.8 तुटत असेल तर 12.9 सुद्धा तुटेल, फार तर चार फेऱ्या उशिरा.

आता तुटका तुकडा. दोन्ही अर्धे घ्या, रॉकेलने पुसा, भिंगाखाली धरा. पृष्ठभागाचा एक भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यासारख्या वक्र रेषा, कडेला काळपट किंवा गंजलेला, आणि उरलेला भाग खरखरीत असेल तर तो थकवा आहे. तडा बराच काळ हळूहळू वाढत होता. गुळगुळीत भाग मोठा म्हणजे भार कमी होता पण वारंवार येत होता, म्हणजेच बोल्ट सैल होता. तडा एकाच बाजूने आत आला असेल तर बोल्ट वाकत होता. तुटल्या जागी मान बारीक झालेली दिसली तर एकदाच जबर ओढ बसली. सपाट तुटून भोवऱ्यासारखे वळ आणि पिळलेले आटे दिसले तर पाना जास्त फिरवला. काहीच न वाकता, साखरेच्या दाण्यासारखं चमचमतं तुटलं असेल तर ठिसूळपणा. "तुम्हीच जास्त आवळला" असा आरोप झाला आणि तुकड्यावर शिंपल्याच्या रेषा असतील, तर आरोप खोटा आहे. एका झटक्यात तुटलेल्या बोल्टवर त्या उमटत नाहीत.

वाकण्याचं कारण बहुतेक वेळा हरवलेल्या एका लहान भागात असतं. क्लॅम्पची पट्टी तिरपी होते म्हणून बोल्टच्या डोक्याखाली एका बाजूने गोलाई असलेला वायसर किंवा आडवा दंडगोल नट दिलेला असतो, म्हणजे पट्टी कशीही कलली तरी बोल्ट सरळ राहतो. दुरुस्तीत तो पडतो आणि जागी साधा सपाट वायसर येतो. मग डोकं एका कडेवर टेकतं आणि आवळतानाच बोल्ट वाकतो. चार बोल्ट बदलूनही कुणी हे पाहत नाही. गोलाईची बाजू खोलगट बसणीतच गेली पाहिजे. उलटा बसवलेला वायसर नसल्यासारखाच.

यापुढची पायरी महागाची. सीटपोस्टच "गेलेला" आहे म्हणून नवा बसवला जातो आणि हाताशी असेल त्या मापाचा दिला जातो. 27.2 मिलिमीटरच्या नळीत 26.8 चा सीटपोस्ट सहज जातो आणि ग्राहकाला वाटतं छान बसला. तो 0.4 मिलिमीटरचा फरक भरून काढायला कॉलर एवढी आवळावी लागते की तिचे दोन कान आतल्या बाजूला झुकतात, कधी एकमेकांना टेकतात. टेकल्यावर कितीही आवळा, सीटपोस्ट पकडला जात नाही. सगळा जोर बोल्टवर. मग वरच्या बोल्टऐवजी खालचा तुटायला लागतो आणि नवं बिल सुरू होतं. पत्र्याची पट्टी कोंबून दिली असेल तर तीच कबुली समजा. माप सीटपोस्टच्या खालच्या टोकाकडे कोरलेलं असतं. शंका असेल तर व्हर्निअरने (जाडी मोजायच्या सरकत्या मापपट्टीने) दोन दिशांनी मोजा. बरोबर मापाचा सीटपोस्ट हाताने, किंचित फिरवत आत जातो, डुगडुगत नाही, आणि आवळल्यावर कॉलरचे कान समांतर राहून त्यांच्यात फट उरते. कमीत कमी किती आत हवा याची रेघ नळीच्या बाहेर दिसता कामा नये.

जुन्या घडणीच्या सायकलींत आणखी एक घोटाळा होतो. तिथला बोल्ट 5/16 इंची असू शकतो, व्यास 7.94 मिलिमीटर, म्हणून एम-8 सारखाच दिसतो. आटे मात्र वेगळे. दोन वेढे गेले आणि अडकला की पान्याने जोर लावून आत घालतात आणि नटाचे आटे जातात. नट दोन बोटांनी शेवटपर्यंत फिरला नाही तर तो बोल्ट घेऊच नका. लांब आटेदार सळी कापून केलेला बोल्टही नको. त्या सळ्या बहुधा साध्या पोलादाच्या असतात.

बरोबर बसवायला खरं तर फार काही लागत नाही. बोल्टबरोबर नटही नवा घ्या, कारण जुन्याचे आटे ओढले गेलेले असतात. पोलादात बोल्ट किमान त्याच्या व्यासाइतका आत हवा, अ‍ॅल्युमिनियममध्ये दीड ते दोनपट. आट्यांना आणि डोक्याखाली ग्रीसचा पातळ हात द्या. कोरड्या बोल्टमध्ये पान्याचा बहुतेक जोर घर्षणातच जिरतो, त्यातला फार तर दहावा हिस्सा ताणात जातो. सळ्या आणि पट्टीचे दात स्वच्छ पुसा. दात झिजून गोल झाले असतील तर पट्टी बदला, बोल्ट नव्हे. टॉर्क, म्हणजे आवळताना द्यायचा पीळ, सीटपोस्टवर छापलेला असतो, तोच पाळा. छापील आकडा नसेल तर पोलादी 8.8 एम-8 एकेरी बोल्टला 18 ते 22 न्यूटन-मीटर आणि कॉलरच्या एम-5 ला सुमारे 5 हा अंदाज चालतो. कार्बनच्या सीटपोस्टला किंवा सळ्यांना मात्र अंदाज नको. दोन बोल्ट असतील तर पाव-पाव वेढा आळीपाळीने. टॉर्क पाना नसेल तर सामान तोलायचा काटा अ‍ॅलन कीला बोल्टपासून 15 सेंटिमीटरवर अडकवा आणि काटकोनात साडेतेरा किलो ओढा. ते 20 न्यूटन-मीटर होतं. बोल्टवर आणि पट्टीवर सलग एक रेघ मारून ठेवा. तीस-चाळीस किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा, कारण नवे भाग दबून बसतात आणि थोडा ताण जातो. त्यानंतरही रेघ सरकत राहिली तर बोल्ट सुटतोय.

बोल्टवरच संशय असेल तर दोन विकत घ्या आणि एक मोडून पाहा. आट्यांचा भाग दोन अर्ध्या नटांत धरून शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि डोकं टॉर्क पान्याने पिळा. खरा 8.8 चा एम-8 किमान 33 न्यूटन-मीटर सहन करतो, 10.9 चा 40, 12.9 चा 44. एम-6 साठी हेच आकडे 13, 16 आणि 17. "12.9" लिहिलेला एम-8 पंचविशीतच पिळून निघाला तर तो तुकडा आणि बिल घेऊन दुकानात जा. बिलावर नुसतं "सीट बोल्ट" लिहून घेतलं असेल तर वाद घालायला जागा राहत नाही. "एम-8 × 1.25, लांबी 40, ग्रेड 8.8" असं लिहून मागा, डोक्यावरच्या खुणेचा फोटो बसवण्याआधीच काढा, आणि जुने तुकडे, वायसरसह, पिशवीत घालून घरी आणा.