उद्यमनगरातलं काम, देवगडचा खारा वारा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपला पाचपैकी साडेतीन. चार दिले असते, पण पहिल्या पावसाळ्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

सासुरवाडीचं घर देवगडजवळ, खाडीकाठी. पडवीपुढं १२ बाय १० फुटांचा लाकडी डेक आणि दर्शनी बाजूला ४० फूट कुंपण करायचं होतं. आमच्या राजारामपुरीतल्या घराची ग्रिलं या वर्कशॉपनं १८ वर्षांपूर्वी केलीत, अजून एक पोपडा निघालेला नाही. त्याच भरवशावर काम दिलं आणि तिथंच फसलो. कोल्हापूरचा पाऊस कितीही झोडपू दे, त्यात मीठ नसतं. मेव्हणा म्हणाला होता, "भावजी, हयसर लोखंड टिकाचा नाय." आम्ही कोल्हापूरकर, ऐकतोय होय!

सांगाडा जीआय पाईपचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपचा. पाईप चांगला, पण वेल्डिंग केलं की सांध्यावरचं जस्त जळून जातं. त्यावर यांनी साधा सिल्व्हर रंग मारला. गणपतीला गेलो तर प्रत्येक सांध्यातून तांबूस ओघळ. कुंपणाचे खांब थेट काँक्रीटच्या खड्ड्यात पुरलेले, बुडाशी वाटीसारखं पाणी साचलेलं, आणि नेमका तिथंच गंज. स्क्रू ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे होते, त्यांच्यावरही चहा सांडल्यासारखे डाग.

फोन केल्यावर तीन आठवड्यांनी आले. पण आले, आणि चूक कबूल केली, हे लिहायलाच पाहिजे. फळ्या सोडवल्या, सांगाडा दोन तुकड्यांत टेम्पोत घालून गगनबावड्यावरून परत आणला. जादाची सगळी भोकं आणि वेल्डिंग आधी उरकून मग तो साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून घेतला. हा क्रम उलटा झाला की पैसे पाण्यात. खांब आता जमिनीत नाहीत. उतार दिलेल्या उंच कट्ट्यावर प्लेट ठेवून बोल्टनं आवळलेत. मजुरी घेतली नाही. जस्ताचे आणि टेम्पोच्या डिझेलचे पैसे मात्र माझ्याकडून घेतले. त्यावरून दोन दिवस अबोला होता.

नवे स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे. यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून खाऱ्या हवेत ते ३०४ पेक्षा जास्त तग धरतात. मी शहाणपणानं खिशातून चुंबक काढला, तर मिस्त्री हसला. "सर, ३०४ असो का ३१६, चांगल्या मालाला चुंबक धरत नाही. त्येनं काय कळायचं?" मग टेस्टिंगच्या औषधाचा थेंब टाकून, छोटी बॅटरी लावून रंग बदललेला दाखवला, ही मॉलिब्डेनमची खूण. भाव ऐकून मी दचकलो, पण घेतले.

लाकडाच्या कामाला मात्र पैकीच्या पैकी. टिंबर मार्केटमधून पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान निवडलं, पांढरा भाग सगळा तासून टाकला, नुसता गाभा ठेवला. फळ्यांत ६ मिलिमीटर फट, कापलेल्या टोकांना दोनदा तेल. मला चकचकीत पॉलिश हवं होतं. त्यांनी साफ नकार दिला, कारण पॉलिशचा पापुद्रा तडकतो आणि पाणी आत कोंडतं. तीन पावसाळे झाले, फळ्या राखाडी पडल्यात, पण ठोकलं की ठणठणीत. दर मे महिन्यात जवसाचं तेल लावतो. कुंपणाच्या फळ्यांच्या बुडाला मेव्हणा काजूच्या टरफलांचं तेल चोपडतो. ते उघड्या हातानं लावू नका. माझी बोटं आठवडाभर सोलत होती.

फाटकाच्या बिजागऱ्या अजून जुन्याच आहेत. यंदा फाटक दोरीनं बांधून आलोय. परवा फोन केला, तर म्हणाले, "येतो की सर, दिवाळीच्या आत."