पॅकेट ट्रेसर : हातात स्विच-राउटर नसताना कॉन्फिगरेशन शिकायचंय तर हेच घ्या

नेटवर्किंग शिकायला घेतलं तेव्हा माझ्याकडे ना स्विच होता ना राउटर, नुसत्या कमांड वहीत उतरवायचो आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. मग सिस्कोचं पॅकेट ट्रेसर टाकलं, म्हणजे कॉम्प्युटरवरच आभासी स्विच-राउटर जोडून सराव करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, सिस्कोच्याच नेटवर्किंग अकॅडमीचं अकाउंट तेवढं काढावं लागतं, विंडोज लिनक्स मॅक सगळ्यावर चालतं.

पहिल्याच दिवशी राउटरला पीसी जोडला तर लिंक लाल. केबल बदलली, आयपी तीनदा तपासला, तरी लालच. राउटरचे इंटरफेस, म्हणजे केबल लावायचे पोर्ट, मुळातच बंद असतात हो, नो शटडाऊन ही कमांड दिली की लगेच हिरवं. स्विचचं उलट, पोर्ट चालूच असतात पण केबल लावल्यावर लाइट जवळपास 30 सेकंद नारिंगी राहतो. तो बिघाड नाही, स्पॅनिंग ट्री ही स्विचमधली यंत्रणा, डेटा गोल गोल फिरत राहू नये (लूप) म्हणून पोर्टला थांबवून ठेवते, 15 सेकंद लिसनिंग आणि 15 लर्निंग अशा दोन टप्प्यांत.

पण खरा धडा दिला तो फिजिकल टॅबमधल्या पॉवरच्या बटणाने. दोन तास बसून व्हीलॅन 10 आणि 20 केले (एकाच स्विचवर दोन वेगळी नेटवर्क), दोन्हींचा डेटा एकाच केबलवरून नेणारा ट्रंक केला, राउटरवर प्रत्येकासाठी सबइंटरफेस टाकले, दोन्हीकडून पिंग, म्हणजे पोहोचतंय का ते बघायचा चाचणी संदेश, जायला लागलं, जाम खूश होतो. मग राउटरमध्ये एक मॉड्यूल घालायचं म्हणून तो बंद केला, कारण चालू असताना बसतच नाही, आणि परत चालू केला तर होस्टनेमसकट सगळं गायब. रनिंग-कॉन्फिग, म्हणजे चालू सेटिंग, रॅममध्ये असतं, कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग ही कमांड दिल्याशिवाय ते एनव्हीरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, जात नाही. ऑफिसातल्या चालू राउटरवर हे झालं असतं तर? इथे फक्त माझे दोन तास गेले.

पाकिटं एकेक टप्प्याने दाखवणारा सिम्युलेशन मोड तर नक्की वापरा. पिंग मारलं की आधी एआरपीचं पाकीट, म्हणजे 'हा आयपी कुणाचा, तुझा हार्डवेअर पत्ता सांग' अशी विचारणा, सगळीकडे जाताना दिसतं, त्यावर क्लिक केलं की कुठल्या लेयरला काय झालं ते उघडतं. पहिलं पिंग बऱ्याचदा फेल का होतं ते मला इथेच कळलं, आधी ही विचारणा पूर्ण व्हावी लागते.

सगळ्या कमांड यात नाहीत, शेवटी हा सिम्युलेटर आहे, पुढचं शिकायचं तर जीएनएस3 (राउटरचं खरं सॉफ्टवेअर चालवणारं दुसरं टूल) किंवा खरी मशीन लागतेच. पण सुरुवातीला यात भरपूर आहे. नंतर खऱ्या स्विचला सेटिंगसाठी कॉम्प्युटरशी जोडणारी कन्सोल केबल लावली, 9600 स्पीड ठेवला, एंटर दाबलं आणि समोर तोच ओळखीचा प्रॉम्प्ट. एनेबल ही पहिली कमांड टाइप करताना हात अजिबात अडखळला नाही.